सोमवारच्या आधीचा फोन

आमच्या घरी फोन आला तेव्हा ज्याने त्यासाठी अर्ज भरला होता तो माणूस, म्हणजे माझा नवरा, जाऊन वर्ष होत आलं होतं. तो वसईच्या कोर्टात शिपाई होता. निवृत्त व्हायच्या आधी त्याने नंबर लावला आणि मग मरेपर्यंत वाट बघितली. खांबावरून तार आली, काळा फोन स्टुलावर बसला, मुलाने त्याला हार घातला. मी म्हटलं, काढ तो. घरात एक फोटोला हार आहे तेवढा पुरे.

पाचूबंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची गल्ली. बैठी कौलारू घरं. आमच्या मागून ज्यांनी अर्ज केले त्यांना खांबावर जागा नाही असं टेलिफोनवाले सांगायचे. त्यामुळे आमचा नंबर सगळ्या गल्लीचा झाला. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, मुलींच्या स्थळांच्या कागदावर आमचाच नंबर, पुढे पी.पी., म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहिलेलं. फोन वाजला की उचलायचा, कोणाला बोलवायचं ते ऐकायचं, "पाच मिनिटांनी परत करा" म्हणायचं, आणि दारात जाऊन हाक मारायची. माझा आवाज मोठा आहे. पोरं मला मागे भोंगा म्हणत, हे मला ठाऊक होतं. भोंग्यावाचून त्यांच्या आयांचं चालत नव्हतं, हेही ठाऊक होतं.

ही गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची, मे महिन्याच्या शेवटच्या दिवसांची. मोबाइल तेव्हा बिल्डर लोकांच्या हातात दिसत, आमच्या गल्लीत नव्हे.

माझी सून घरात बसून नोकरी करी. ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाला की काय झालंय ते यंत्रात बोलून ठेवतात. ते हिने कानाला लावून ऐकायचं आणि कॉम्प्युटरवर टाइप करायचं. ऑफिस अंधेरीला. तिथला माणूस पिशवीतून कॅसेटी आणून देई आणि झालेलं काम घेऊन जाई. मी चौथी पास. मला त्यातलं एवढंच कळे की आमच्या मधल्या खोलीत बसून ही तिकडच्या लोकांचे मूळव्याध लिहिते आणि महिन्याला पगार येतो. मुलगा गोखिवऱ्याला एका कारखान्यात होता. त्याच्या पगाराचा भरवसा नव्हता, हिच्या होता.

मग ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि होळीच्या सुमाराला मुलीला घेऊन परत आली. ऑफिसने तिला उन्हाळाभर मोकळं ठेवलं. जूनच्या पहिल्या सोमवारी काम सुरू करायचं, नाही केलं तर जागा दुसरीला, असं ठरलं होतं.

तो उन्हाळा मला चांगला आठवतो. दुपारी ती मधल्या खोलीत चटईवर पडे, केस मोकळे, पोटाशी मुलगी. कॉम्प्युटरवर जुनी ओढणी टाकलेली. मी बाहेर पडवीत मिरच्यांची देठं काढत बसे आणि आतून दोघींचं चालू असे. आई बोले, मुलगी हुंकार देई. एकदा मी आत डोकावले तर सून तिला आंब्याची कोय हुंगायला देत होती. मी ओरडले, एवढ्या लहान पोरीला आंबा देतात काय. ती म्हणाली, "आई, वास घेतेय फक्त. वासाला काय होतंय?" मुलीने नाक फेंदारलं आणि हसली. मी परत येऊन मिरच्यांना बसले. माझी मुलं झाली तेव्हा बाराव्या दिवसानंतर मी विहिरीवर होते. मला असा उन्हाळा मिळाला नाही. तिला मिळाला, बरं झालं.

मे संपत आला तेव्हा ऑफिसचा निरोप आला. कॅसेटी देणारा माणूस आता बंद. डॉक्टरांचं बोलणं फोनच्या तारेतून थेट कॉम्प्युटरवर येणार आणि टाइप केलेलं त्याच तारेतून परत जाणार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तार कॉम्प्युटरला जोडलेली राहील. तेवढा वेळ फोन लागणार नाही.

सुनेने हे मला सांगितलं. आम्हा दोघींच्या डोक्यात एकच नाव होतं.

आमच्या उजव्या हाताची शेजारीण कोळीण. ख्रिस्ती. सुकी मासळी विकायची. नवरा पूर्वीच गेला, होडी विकली गेली, आणि एकुलता मुलगा मोठ्या मालवाहू बोटीवर कामाला लागला. बोट कुठल्या देशात केव्हा लागेल ते त्याच्या हातात नसे. बंदर आलं, उतरायला मिळालं, की तो कार्ड विकत घेऊन फोन करी. कधी पंधरवड्यात दोनदा, कधी महिना दीड महिना काहीच नाही. आणि बहुतेक वेळा फोन दिवसाउजेडीच येई. मी हाक मारली की ती हातातली मासळी तशीच टाकून धावत येई. फोन धरायच्या आधी पदराला हात पुसायची. माझा फोन वर्षभर बोंबलाचा वास मारी. मी कधी तक्रार केली नाही असं नाही. केली. ती म्हणायची, "वहिनी, वास फोनात जात नाय, नायतर पोराला घर आठवलं असतं."

कोणाला काय सांगायचं ते मी तोंडावर सांगते. त्यापायी नातेवाईक तुटले, मला त्याचं काही नाही. पण हिला सांगायचं माझ्याने होईना.

आगोटीचे दिवस होते. पावसाळ्याआधी चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची. मसाला, सुकट, बोंबील, लाकडं, कौलांवर घालायचा प्लास्टिकचा कागद. आम्ही दोघी ती कामं नेहमीच एकत्र करायचो. ती माझ्या पडवीत सुकट निवडायची, मी तिच्या मिरच्या भाजून द्यायची, कारण तिला ठसका लवकर लागे. त्या आठवड्यात आम्ही रोज समोरासमोर बसलो होतो. रोज सकाळी मी ठरवायची, आज सांगायचं.

"वहिनी, आज गप गप का?" ती विचारी.

"मिरची नाकात गेली."

"तुमच्या नाकात? मिरचीची काय बिशाद!"

मग ती हसायची आणि मुलाचं काढायची. त्याला ती बाबा म्हणे. या खेपेला बराच काळ फोन नव्हता. मागच्या वेळी तो म्हणाला होता, बोट लांब जाणार आहे. "आता कधीबी येल," ती म्हणायची. सुकट निवडता निवडता तिचे कान आमच्या स्टुलाकडे असत. मी मिरच्या परतत राहायची.

सून मला रात्री जेवताना विचारी, "बोललात?"

"उद्या."

"मी बोलू का?"

"तू नको. तुझं नाव वाईट होईल. माझं आधीच झालेलं आहे."

मुलगा म्हणाला, दुसऱ्या लाइनसाठी अर्ज करू. मी फोटोकडे बोट दाखवलं.

शुक्रवारी ऑफिसचा माणूस आला, कॉम्प्युटरला मोडेम नावाचा एक डबा जोडला, तार लावली आणि एक फाइल येते का ते बघा म्हणून बसला. डब्यातून असा आवाज निघाला की नात झोपेतून दचकून उठली. पत्र्यावर खिळा ओढावा तसा. मग तो आवाज थांबला आणि पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागली. माणूस म्हणाला, वेळ लागेल, फोनला हात लावू नका. चहा पिऊन तो स्टेशनला गेला. सून मुलीला घेऊन मागच्या दारी न्हाणीत गेली. मी चुलीपाशी.

शेजारीण आली ते मला दिसलं नाही. तिला फोन वाजलेला ऐकू आला नव्हता. पण कितीतरी दिवस फोन नाही म्हणजे आमचा फोनच मेला असेल, अशी शंका तिच्या डोक्यात आली होती. ती अधूनमधून येऊन रिसिव्हर कानाला लावून बघायची, सूर येतो का. सूर आला की ठेवून द्यायची. त्या दिवशी तिने तसाच उचलला.

आत तो खवळल्यासारखा आवाज. घूं घूं, सूं सूं, मधेच चिरकल्यासारखं.

मला एकदम तिची हाक ऐकू आली. "बाबा! अरे बाबा! मी बोलतेय! आवाज येत नाय रे, लाटांचा आवाज येतोय नुसता! मोठ्यानं बोल! बाबा!"

मी धावले. ती दोन्ही हातांनी रिसिव्हर धरून उभी होती, डोळे मिटलेले, कान लाल. मला म्हणाली, "वहिनी, बोट दर्यात हाय, तिथूनच फोन केलाय त्यानं. वारा ऐका, वारा!" आणि रिसिव्हर माझ्या कानाला लावला.

तोवर आतला आवाज तुटला होता. नुसता लांबलचक सूर येत होता. मधल्या खोलीत पडद्यावरची पट्टी थांबली आणि काहीतरी लाल अक्षरं आली. न्हाणीतून सून ओलेत्या मुलीला टॉवेलात गुंडाळून आली. पडदा बघितला, मग आम्हा दोघींना बघितलं.

"गेला," शेजारीण म्हणाली. "लाइन गेली त्याची."

मग मला सांगावंच लागलं. तो फोन नव्हता, कॉम्प्युटर होता. समुद्राचा आवाज नव्हता, यंत्राचा होता. आणि सोमवारपासून दिवसभर असाच असणार, फोन लागणार नाही. मी एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर परत बोलले नसते.

तिने रिसिव्हर जागेवर ठेवला. पदराने पुसला. इतक्या वर्षांत तिने फोन ठेवल्यावर पुसलेला मी पहिल्यांदा बघितला. "बरं," म्हणाली आणि गेली. निवडलेली सुकट पडवीत तशीच राहिली.

सुनेने मुलीला कपडे घातले, तीट लावली, आणि मला म्हणाली, "आई, मी ऑफिसला नाही म्हणून सांगते."

"वेड लागलंय?"

"मावशींचा मुलगा फोन करील, लागणार नाही, परत करील, लागणार नाही. त्याला काय वाटेल? बोटीवर परत गेला की महिना जाईल. मी कानाला ते डॉक्टर लावून बसू आणि यांच्या पोराचा आवाज बंद करू?"

"पोरगी मोठी व्हायची आहे तुझी. नवऱ्याच्या कारखान्याला कधीही कुलूप लागेल. तू नाही म्हणणार नाहीस."

"मग काय करू?"

मी सुकट उचलून डब्यात भरली.

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी शेजारीण स्वतःच आली. पडवीत नेहमीच्या जागी बसली आणि डबा परत सुपात ओतून निवडायला लागली. "तुमी मोठी वाळू ठेवली आतमदी," म्हणाली. "काय नजर तुमची!" मग सुपाकडेच बघत म्हणाली, "सून संध्याकाळी काम बंद करते ना?"

"दिवेलागणीला."

"मग तेवा तार काढा. चर्चची घंटा झाली की तासभर. माजा पोर तेवा करील फोन. बाकीच्या गल्लीलाबी तेच सांगा, मीच सांगते. मासळीला गिऱ्हाईक येतं, सगल्यांच्या कानावर घालते."

सून दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "पण मावशी, त्याला कोण सांगणार? तो तर आधी जसा करायचा तसाच करील."

इथेच सगळं अडलं होतं. त्याला पत्र पोचायचं नाही, आणि आपण बोटीवर फोन लावावा तर तशी सोय नाही. त्याने स्वतः फोन केला तरच त्याला सांगता येणार. आणि मधे फक्त रविवार होता.

"सोमवारी नाही करत मी सुरू," सून म्हणाली. "त्याचा फोन आला की करीन."

"तू सुरू कर गं," शेजारीण म्हणाली. "नोकरी काय पुन्हा पुन्हा येत नाय."

"नाही मावशी."

दोघी एकमेकींना नाही नाही म्हणत राहिल्या. मला राग आला. मी म्हटलं, एकीने तरी हो म्हणा, सूप सांडतंय.

शनिवारी फोन वाजत राहिला. पलीकडच्या घरात स्थळाचं बोलणं, कुणाची विम्याची चौकशी, एक चुकीचा नंबर. प्रत्येक घंटीला शेजारीण आपल्या दारात येऊन उभी राही. मी हाताने नाही अशी खूण केली की आत जाई. संध्याकाळपर्यंत तिने मासळी विकायला घेतलीच नाही.

रविवारी सकाळी ती मिस्साला गेली. जाऊ की नको करत होती. मीच म्हटलं, जा, तुझा देव काही फोन घेऊन बसलेला नाही, जाऊन ये. चर्च गल्लीपासून लांब. सून मुलीला पाळण्यात घालत होती. मुलगा बाजारात गेला होता.

फोन वाजला. मी उचलला. लांबून आल्यासारखा खरखरता आवाज, मग, "काकी, आईला बोलावता?"

आजवर मी त्याच्याशी एकच वाक्य बोलले होते, पाच मिनिटांनी कर. त्या दिवशी म्हटलं, "ती मिस्साला गेलीय. तू ठेवू नकोस. माझ्याशी बोल."

तो घाबरून म्हणाला, "आईला काय झालं?"

"काही झालेलं नाही. धडधाकट आहे. सुकटातली वाळू दिसते तिला, मला दिसत नाही."

"मग तुमी बोलता कशाला काकी? तुमी कधी बोलत नाय."

मी त्याला सांगितलं. सुनेचं काम, तार, यंत्र. दिवसा फोन केलास तर लागणार नाही, घाबरू नकोस. आमच्याकडे दिवेलागण होते तेव्हा कर. सून माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि वेळ सांगत होती, मी ती त्याला सांगत होते. तो म्हणाला, बोट जिथे असेल तिथे आमची दिवेलागण केव्हा होते ते तो काढील. बोटीवर त्याचा हिशेब करणारा माणूस आहे.

"आई रागावलीय का, काकी?"

"नाही. तिनेच ही वेळ ठरवली."

"बरं मग."

त्याला शिंक आली. मी विचारलं, "सर्दी झालीय?"

"हो. थंडी हाय इथं."

"जेवलास?"

हे त्याच्या आईने पहिलं विचारलं असतं, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, जेवलो, भात होता, मासळी होती पण चव नव्हती. मग कार्ड संपल्याचा आवाज यायला लागला. तो म्हणाला, "काकी, आईला सांगा," आणि तेवढ्यात तुटलं. काय सांगा ते राहिलं.

सून तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, रडतेस काय, तुझं काम झालं. ती म्हणाली, म्हणूनच.

माझं बोलणं गल्लीभर ऐकू गेलं होतं; शेजारीण आली ती रस्त्यातच कोणीतरी सांगितल्यामुळे धापा टाकत. अंगावर मिस्साची चांगली साडी, चपला हातात. "ठेवला?"

"तुटला. सांगितलं त्याला सगळं. दिवेलागणीला करणार."

ती पडवीच्या पायरीवर बसली. नोकरी वाचली, वेळ ठरली, सगळं हवं तसं झालं होतं, आणि तिला आवाज ऐकायला मिळाला नव्हता. मला कोणाची समजूत काढता येत नाही, कधीच आली नाही.

"काय बोलला?" तिने विचारलं.

मी सांगितलं. पहिल्यापासून, तो जसा बोलला तसं, काही घातलं नाही, काही गाळलं नाही. आईला काय झालं म्हणून घाबरला ते. रागावलीय का विचारलं ते. भात, मासळी, चव नव्हती.

"सर्दी झालीय," मी म्हटलं. "शिंकला."

"कसा शिंकला?"

"कसा म्हणजे?"

"दोनदा शिंकतो तो. एकदा कधी शिंकत नाय."

मी आठवून म्हटलं, "एकदाच ऐकू आली मला."

"दुसरी दाबली असंल. तुमची लाज वाटली असंल." आणि ती हसली. मग म्हणाली, "आता परत सांगा वहिनी. पहिल्यापासून."

मी परत सांगितलं. सून चहा घेऊन आली तेव्हा तिसऱ्यांदा चाललं होतं. आईला सांगा म्हणाला आणि तुटलं, इथपर्यंत आलं की ती मान हलवी, जणू पुढचं तिला ऐकू आलंय.

सोमवारी सुनेने ओढणी काढून घडी केली, मुलीला माझ्याकडे दिलं आणि कानाला ते लावून बसली. डब्याने किंचाळून घेतलं. मुलगी या खेपेला दचकली नाही, आवाजाच्या दिशेने बघत राहिली. दिवसभर मी तिला पडवीत घेऊन बसले. दूध पाजायच्या वेळी आत न्यायची, मग परत बाहेर. एकदा मी आत गेले तेव्हा सून टाइप करता करता मुलीचा आवाज येतो का म्हणून एका कानावरचं बाजूला सारून बसलेली दिसली. मी ते तिच्या कानावर नीट बसवलं. म्हटलं, मी आहे बाहेर.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली. सुनेने डब्याची तार काढली, फोनला सूर येतो का बघितलं आणि दोन्ही हात डोक्यावर ताणून आळस दिला. मी दिवा लावला. तेवढ्यात शेजारीण आली आणि स्टुलाशेजारी भिंतीला टेकून बसली.

"आज नाय करनार तो," म्हणाली. "कालच केलाय. माहित हाय मला."

"मग आलीस कशाला?"

"बसते की तासभर. तुमी काय फोनपाशी बसू देत नाय का आता?"

मी नातीला तिच्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला उठले.